औषधाचे वाहन : विषाणूविरोधी उपचारांत पॉलिमरचे काम

तोंडवली-तळाशीलची वस्ती म्हणजे एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात वीज गेली तर केव्हा येईल याचा नेम नसतो, उन्हाळ्यात हवा उष्ण आणि दमट. अशा ठिकाणच्या रुग्णाला आयुष्यभर रोज घ्यावयाचे औषध मिळाले, पण ते फ्रीजमध्येच ठेवावे अशी अट असली, तर त्याने काय करावे? घरात फ्रीज नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवावे लागेल. औषध एच.आय.व्ही.चे असेल तर वाडीभर चौकशी सुरू होईल, आणि त्या चौकशीच्या भीतीने माणूस औषधच सोडून देईल. म्हणून औषध नुसते गुणकारी असून भागत नाही. ते रुग्णाच्या घरापर्यंत आणि पुढे त्याच्या रक्तापर्यंत धड पोहोचले पाहिजे. हे पोहोचवण्याचे काम आज बऱ्याच ठिकाणी पॉलिमर करतात. त्याची माहिती सभासद बंधू-भगिनींना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, म्हणून हा लेख आम्ही देत आहोत.

पॉलिमर म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात पॉलिमरला ‘बहुवारिक’ म्हणतात. एकाच प्रकारचे लहान रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांस जोडले गेले की लांबलचक रेणू तयार होतो, तो बहुवारिक. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर सुती जाळी असत, आता नायलॉनची आहेत. सूतही पॉलिमर आणि नायलॉनही पॉलिमर. एक झाडाने केलेला, दुसरा कारखान्यात केलेला. भाताच्या पेजेतील स्टार्च हासुद्धा पॉलिमरच. औषधांत वापरावयाचे पॉलिमर मात्र शरीराला अपाय न करणारे, पारखून घेतलेले असतात.

नियमित औषध का?

विषाणू स्वतःच्या नकला काढीत वाढतो. एच.आय.व्ही.च्या नकला काढताना पुष्कळ चुका होतात आणि त्यांतून थोडे वेगळे विषाणू निपजतात. रक्तात औषधाचे प्रमाण पुरेसे असेल तर सर्वच दबून राहतात. प्रमाण घसरले की औषधाला दाद न देणारे विषाणू टिकतात आणि वाढतात. मग तेच औषध त्या रुग्णाला पुढे लागू पडत नाही. ‘एक दिवस चुकला तर काय होते’ असे म्हणून पुन्हा पुन्हा औषध चुकवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

फ्रीजपासून सुटका

लोपिनाविर आणि रिटोनाविर ही एच.आय.व्ही.वरील औषधांची जोडी आहे. रिटोनाविर यकृतातील विकराला अडवते, त्यामुळे लोपिनाविर रक्तात अधिक वेळ टिकते. परंतु दोन्ही औषधे पाण्यात फार कमी विरघळतात, आणि न विरघळलेले औषध रक्तात उतरत नाही. रिटोनाविर १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याच्या कॅप्सूलमध्ये अनपेक्षितपणे वेगळ्याच घडणीचे स्फटिक तयार होऊ लागले. रसायन तेच, पण हे स्फटिक आणखी कमी विरघळणारे होते. त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या स्वरूपात आणावे लागले.

पुढे या जोडीच्या ज्या मऊ कॅप्सूल आल्या, त्या थंड जागी ठेवणे भाग होते आणि मोठ्या माणसाला दिवसाला सहा घ्याव्या लागत. २००५ साली अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीची नवी गोळी मंजूर झाली. तिला फ्रीज लागत नव्हता आणि सहाऐवजी चार गोळ्या पुरत होत्या. औषध जुनेच होते, वाहन नवे होते. ते वाहन म्हणजे कोपोविडोन नावाचा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर.

ही गोळी कशी बनते ते आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरणाने समजेल. औषध आणि पॉलिमर एकत्र करून यंत्रात तापवतात, मळतात आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसे बाहेर ढकलतात. थंड झाल्यावर ते काचेसारखे कडक होते. ते दळून त्याच्या गोळ्या पाडतात. या काचेत औषधाचे रेणू पॉलिमरच्या लांब साखळ्यांत विखुरलेले असतात, त्यांना एकत्र येऊन स्फटिक करण्यास वाव मिळत नाही. साखरेचा पाक पुन्हा साखर धरू नये म्हणून बायका त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात. रासायनिक कारण वेगळे असले तरी हेतू तोच. पोटात गेल्यावर पॉलिमर विरघळतो आणि औषध सुटे होऊन आतड्यातून रक्तात जाते.

या गोळीच्या पेटंटसाठी भारतातही अर्ज झाला होता. रुग्णांच्या बाजूने काम करणारी संस्था आणि सिप्लासारख्या देशी कंपन्या यांनी त्यास हरकत घेतली आणि २०१० च्या अखेरीस मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. ज्ञान एका कंपनीच्या कुलपात राहिले असते तर गोरगरीब रुग्णास त्याचा उपयोग काय?

मुलांचा प्रश्न

लहान मुलाला मोठी गोळी गिळता येत नाही. आई प्रेमाने ती चुरून भातातून देते. या गोळीच्या बाबतीत तसे करणे घातक ठरते. चुरलेली गोळी दिलेल्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या रक्तात लोपिनाविर सुमारे ४५ टक्के कमी पोहोचल्याचे दिसले. म्हणजे आईच्या समजुतीप्रमाणे मूल रोज औषध घेते, आणि प्रत्यक्षात विषाणूला वाढावयास मोकळीक मिळते. पातळ औषध होते, पण ते अतिशय कडू, त्यात ४२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल, आणि वाटप होईपर्यंत तेही थंड ठेवावे लागे.

यावर मुंबईच्या सिप्ला कंपनीने याच पॉलिमर तंत्राने बारीक दाणे तयार केले. कॅप्सूल उघडून दाणे मऊ अन्नावर पसरावयाचे आणि न चावता, न कुटता मुलाला भरवायचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली त्यांना तात्पुरती मान्यता दिली. त्यांचा कडवटपणा पूर्ण गेला नव्हता आणि अगदी तान्ह्या बाळास ते देता येत नसत, तरी फ्रीजची अट सुटली. आता डोल्युटेग्राव्हिर हे औषध आले आहे. मोठ्यांना दिवसातून एकच गोळी पुरते आणि मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी निघाली आहे. बहुसंख्य रुग्णांचा उपचार आज त्यावर चालतो.

इतर काही उदाहरणे

कावीळ-सी म्हणजे हिपॅटायटिस-सी या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने आठवड्यातून तीन वेळा घ्यावी लागत. २००१ च्या सुमारास या प्रथिनाला पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरची साखळी जोडलेले औषध आले. साखळीमुळे रेणू मोठा झाला, मूत्रपिंडातून लवकर बाहेर जाईना, आणि आठवड्यातून एक इंजेक्शन पुरू लागले. आज या आजारावर पोटात घ्यावयाच्या गोळ्या आहेत आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

एड्सच्या रुग्णांची दृष्टी जाण्यास सायटोमेगॅलो नावाचा विषाणू कारण होई. त्यासाठी १९९६ साली अमेरिकेत डोळ्यात बसवण्याची बारीक वडी मंजूर झाली. पॉलिमरच्या वेष्टनातून गॅनसायक्लोव्हिर हे औषध पाच ते आठ महिने हळूहळू झिरपत राही. मातीच्या माठातून पाणी पाझरते, तसेच हे.

आता लेनाकापाविर हे औषध आले आहे. २०२५ साली अमेरिकेत ते एच.आय.व्ही.ची लागण टाळण्यासाठी मंजूर झाले. वर्षातून दोनच इंजेक्शने. येथे पॉलिमरचे वेष्टन नसते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणातून दिलेले औषध त्वचेखाली साठून राहते व हळूहळू सुटते. स्वस्त दरात ते तयार करण्याचा परवाना २०२४ साली सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्योर आहे.

आपण काय करावे?

या सर्व उदाहरणांचे सार एकच. औषध वेळेवर घेण्याचा, थंड ठेवण्याचा, लपवण्याचा भार पूर्वी रुग्णाच्या डोक्यावर होता, तो थोडाथोडा करून गोळीने उचलला. तरीही काही गोष्टी आपल्याकडेच राहतात. कोणतीही गोळी तोडण्यापूर्वी, चुरण्यापूर्वी किंवा कॅप्सूल उघडण्यापूर्वी डॉक्टरांस किंवा औषध देणाऱ्यास विचारावे. काही गोळ्या तोडता येतात, काही मुळीच नाही, आणि ते नुसते पाहून कळत नाही. बरे वाटले म्हणून उपचार थांबवू नये. एच.आय.व्ही.ची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णाशी भेदभाव करण्यास आणि त्याच्या संमतीवाचून आजाराची वाच्यता करण्यास बंदी आहे. कायदा कागदावर आहे, तो वाडीत आणणे आपले काम आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रसायनशास्त्र म्हणजे केवळ परीक्षेची समीकरणे नव्हेत. पॉलिमर शिकावयाचे असेल तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आपल्याच राज्यात आहेत. खाडीकाठच्या घरात, वीज नसताना, डब्यात ठेवलेली गोळी महिनाभर चांगली राहावी, हा प्रश्न कोणीतरी प्रयोगशाळेत बसून सोडवला आहे. असे आणखी पुष्कळ प्रश्न शिल्लक आहेत. ते सोडवणाऱ्यांत तोंडवलीचे नाव यावे, अशी आमची इच्छा आहे.