हेडचं काम : आधी मोजमाप, मग कानस

घरच्या घरी पद्मिनी : लेखांक ७

मागच्या लेखांकात रेडिएटर, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवून झाले. आता इंजिनावर उरलं ते हेड. जुनी गाडी घेणाऱ्याचा हात सगळ्यात जास्त इथेच शिवशिवतो. हेड उतरवायचं, थोडं खरवडायचं, पोर्ट चकचकीत करायचे आणि गाडीला जास्त ताकद द्यायची, असा बेत असतो. या बेतात चांगलं किती आणि धोक्याचं किती, हे आज पाहू. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या इंजिनाची गेलेली ताकद परत मिळवणं हे घरी होण्यासारखं आणि समाधान देणारं काम आहे. नवी ताकद घालणं हे वेगळं काम आहे, आणि पहिलं नीट झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

इंजिनाचं कूळ

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात १९३७ च्या फियाट ५०८ सी या गाडीचं. दान्ते जाकोसा या इटालियन अभियंत्याचं ते काम. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि वॉल्व हेडमध्ये उलटे टांगलेले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली उभ्या राहिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० आणली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, अशी तिची ओळख झाली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. आता जी पद्मिनी उरली ती हौशी माणसांच्या दारात.

या इंजिनात जास्त दम आहे हे खोटं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिझितालिया कंपनीने फियाट ११०० च्या याच इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधल्या, आणि १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी चिझितालिया २०२ घेऊन दुसरा आला. पण त्या मंडळींनी फक्त हेड खरवडून गाडी पळवली नव्हती. श्वास आत घेण्यापासून ऑइल फिरवण्यापर्यंत सगळं एकमेकांना जुळवून बदललं होतं. हेड ही त्या साखळीतली एक कडी.

जागा आणि शेजार

भाईंदर पूर्वेला केबिन रोडसारख्या दाट वस्तीत स्वतःचं गॅरेज कुणाकडे नसतं. काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच होतं. म्हणून सेक्रेटरींना आधी सांगा, रॉकेल आणि पेट्रोल उघड्या भांड्यात ठेवू नका, आणि वाळूची बादली हाताशी असू द्या. हेड एकदा उतरलं की घरात टेबलावर येतं. पुढचं बरंचसं काम तिथेच, आवाज न करता होतं.

इथल्या वस्तीचा एक फायदाही आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे आणि इंजिनीअरिंगचे छोटे गाळे भरपूर आहेत, त्यामुळे लेथ आणि आर्गन वेल्डिंग जवळच मिळतं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टेनलेस स्टीलचं आर्गन डीसी करंटवर होतं, ॲल्युमिनियमला एसी करंट लागतो, आणि हातही वेगळा लागतो. ‘आर्गन करता का?’ एवढं विचारून हेड देऊ नका. ‘इंजिनाचं ॲल्युमिनियम हेड भरलंय का?’ असं विचारा, आणि केलेलं काम पाहा.

हेड का वाकतं

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. समजा हेड ४० सेंटीमीटर लांब आहे आणि तापमान ८० अंशांनी वाढलं. मोकळं असतं तर हेड सुमारे ०.७४ मिलिमीटरने वाढलं असतं, खालचा ब्लॉक मात्र ०.३५ मिलिमीटरनेच. हा फरक दर वेळी गॅस्केट आणि बोल्ट सोसतात. गाडी एकदा जोरात गरम झाली की हेड मधून उचललं जातं, गॅस्केट उडतं, आणि ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा होतो.

म्हणून हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत ढिले करा. बसवताना क्रम याच्या उलट. हेड चिकटलं असेल तर जोडात पेचकस घालू नका. ॲल्युमिनियमला पडलेला एक ओरखडासुद्धा पुढे गॅस जायची वाट होतो. रबरी हातोड्याने बाजूने हलके ठोके द्या. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचा. वॉल्वचंही तसंच, प्रत्येक वॉल्व आपल्याच सीटवर परत गेला पाहिजे. जुनं गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता धरा. ते कोरडं खरवडू नका. आधी ओलं करा, तोंडाला चांगला मास्क बांधा, चोथा पिशवीत बंद करा.

धुणं आणि पाहणं

बिडाचे भाग साफ करायला गॅरेजमध्ये कॉस्टिक सोडा वापरतात. ॲल्युमिनियमचं हेड त्यात कधीही बुडवू नका. कॉस्टिक धातूच खातो. रॉकेल, मऊ ब्रश आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी एवढ्यावर काजळी निघते. वेळ लागतो, लागू द्या.

धुतल्यावर पाण्याच्या वाटांच्या कडा पाहा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेल्या गाडीत तिथलं ॲल्युमिनियम कुरतडलेलं असतं. हा कुरतडलेला भाग गॅस्केटच्या कड्याखाली पोचला असेल तर पेस्ट लावून भागणार नाही. आर्गनने भरून मग फेसिंग, हाच उपाय. दोन वॉल्वच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आणि प्लगच्या भोकाभोवती भेगा शोधा. शंका वाटली तर हेड मशीनशॉपमध्ये नेऊन दाबाखाली तपासून घ्या.

यानंतर सपाटी. चांगली स्टील पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरा आणि खालून फीलर गेज सरकवून पाहा. एवढ्या लहान हेडला ०.०५ मिलिमीटरचं पातं सहज जात असेल तर फेसिंग लागेल. फेसिंग घरी काचेवर पॉलिशपेपर चिकटवून करू नका; कडा गोल होतात. हे मशीनचं काम, आणि मशीनवाल्याला स्पष्ट सांगायचं : सपाट होईल एवढंच काढा, एक धागाही जास्त नको.

वॉल्व आणि सीट : ताकद इथे असते

एक्झॉस्ट वॉल्व लालभडक तापतो. ती उष्णता मुख्यतः सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. सीट नीट टेकत नसेल तर दाब गळतो आणि वॉल्वही जळतो. भारतात शिशाचं पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीत बंद झालं. ते आरोग्यासाठी बरंच झालं, पण शिशाचा पातळ थर जुन्या सीटना झिजण्यापासून वाचवत होता. सीएनजीवर चाललेल्या टॅक्सीत सीटना पेट्रोलचा ओलावाही मिळाला नाही. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून हेड घेणार असाल तर वॉल्व किती आत बुडालेत ते आधी पाहा. खोल गेलेल्या सीट काढून नव्या, कडक सीट ठोकून घेणं हा खरा आणि टिकाऊ बदल. हे मशीनशॉपचं काम. सीटचं माप हेडमधल्या खाचेपेक्षा किंचित मोठं असतं, हेड तापवून ती बसवतात.

सीट कापताना तीन कोन घेतात. वॉल्व टेकतो तो बहुतेक इंजिनांत ४५ अंशांचा. त्याच्या वर ३० आणि खाली ६० अंशांचा काप घेतला की टेकण्याची पट्टी अरुंद आणि जागच्या जागी राहते, हवाही सरळ वळते. इनटेकला दीड मिलिमीटरच्या आत, एक्झॉस्टला किंचित जास्त रुंदी ठेवावी, कारण तिथे उष्णता जायला जागा हवी. पण त्याआधी गाइड तपासा. वॉल्व थोडा वर उचलून आडवा हलवा. खडखडत असेल तर गाइड आधी बदलायचे, सीट नंतर कापायची. उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं.

शेवटचं घासणं मात्र घरचं. ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका, रबरी कपाची काडी, दोन्ही तळव्यांमध्ये मागे-पुढे, मधूनमधून उचलून जागा बदलत. सीटवर अखंड, एकसारखी करडी कडी उमटली की थांबा. पेस्टचा कणही मागे राहू देऊ नका. मग स्प्रिंग बसवा, प्लग लावा, हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पोर्टमध्ये ओल येते का पाहा. कोरडं राहिलं तर वॉल्व बसला.

खरवडून किती मिळतं

आता बदलांकडे. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे २७२ सीसी. पिस्टन वर असताना वरची सगळी जागा समजा ४२ सीसी आहे. तर कॉम्प्रेशन ७.५ ला १. हेड खरवडून ही जागा दीड सीसीने कमी केली, तर ते ७.७ होतं. पुस्तकातल्या आदर्श गणितानेसुद्धा यातून मिळणारा फायदा एक टक्क्याच्या आसपास आहे. चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवरच्या इंजिनात तो अर्धा हॉर्सपॉवरही भरत नाही. एका गळक्या वॉल्वने याच्या कितीतरी पट ताकद जाते. शिवाय काढलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही, पुढच्या फेसिंगची सोय संपते आणि रॉकरचा कोनही बदलतो.

त्यापेक्षा चारही चेंबर सारखे करा. मधोमध भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर बसवा आणि औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मोजून पातळ ऑइल भरा. चारही आकडे लिहा. फरक अर्ध्या सीसीच्या आत आणायचा तो लहान चेंबर हलकेच मोठा करून. चार सिलिंडर सारखं काम करू लागले की इंजिन शांत फिरतं, आणि ते स्टिअरिंगवरच्या हाताला कळतं.

पोर्टचंही तेच. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड यांची भोकं एकमेकांशी जुळवा, ओतकामाचे उंचवटे उतरवा, तेवढं पुरे. इनटेक आरशासारखा करू नका. थोडा खरखरीत पृष्ठभाग भिंतीवर चिकटलेलं पेट्रोल पुन्हा हवेत मिसळायला मदत करतो. एक्झॉस्ट गुळगुळीत केला तर काजळी कमी धरते. वॉल्व गाइडजवळ कानस जपून चालवा. भिंतीपलीकडे पाणी आहे.

पेट्रोलमधल्या वाढत्या इथेनॉलचाही विचार करा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरवर मिश्रण पातळ होतं आणि एक्झॉस्ट वॉल्व जास्त तापतो. हेड जोडल्यावर प्लगचा रंग पाहत राहा. फार पांढरा दिसला तर जेट मोठा करावा लागेल.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलापासून गाडी मनाने बदलता येत नाही. दुसरं, जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेली गाडीच त्यात बसते. पद्मिनीच्या पहिल्या गाड्यांनी ही पन्नाशी २०२४ मध्ये गाठली. आज हौसेने केलेला मोठा बदल उद्या तुमच्या गाडीचा हा दर्जा घालवू शकतो. सीट, गाइड, फेसिंग ही दुरुस्ती आहे आणि तिथपर्यंतच राहणं शहाणपणाचं.

परत बसवताना

ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर ते पुसून काढा, नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉकला भेग जाते. नवं गॅस्केट त्याच्या खुणेप्रमाणे वरची बाजू वर ठेवून बसवा. टॉर्क पान्याने मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातला घ्या, ऐकीव नको. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला पहिल्या तापण्या-थंडावण्यानंतर आणि काहीशे किलोमीटरनंतर, थंड इंजिनावर पुन्हा टॉर्क तपासावा लागतो. प्रत्येक वेळी त्यानंतर टॅपेट लावायचे. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी घाला, कारण खाडीकाठच्या या खाऱ्या दमट हवेत बाहेरून गंज आहेच, आतून तरी तो नको.

ज्यांनी हेड उतरवलं आहे त्यांनी या आठवड्यात कानस हातात घेऊ नये. वहीत चार चेंबरची आकारमानं, आठ वॉल्वची स्थिती आणि सपाटीची मापं लिहावीत, आणि ती वही घेऊनच मशीनशॉपमध्ये जावं. पुढच्या लेखांकात रॉकर, टॅपेट आणि इग्निशन टायमिंग.