तान्ह्या मेंदूचा आलेख

भिवंडीच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला नको. यंत्रमाग चालू आहे एवढं कळून भागत नाही. तो कसा चालला आहे, हे कान देऊन ऐकावं लागतं. तान्ह्या मेंदूचंही तसंच आहे.

जन्मताना बाळ गुदमरलं, उशिरा रडलं, की आजी आधी विचारते, ‘पुढे चालेल ना, बोलेल ना?’ छाती हलते, नाडी लागते; पण मेंदूचं काय? ते पाहण्यासाठी डॉक्टर बाळाच्या डोक्याला बारीक तारा चिकटवतात. घाबरू नका, बाळाला वीज देत नाहीत. मेंदूचीच वीज टिपतात, आणि ती इतकी क्षीण, की व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. माणसाच्या मेंदूचा असा आलेख हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली प्रथम काढला.

पुऱ्या दिवसांच्या निरोगी बाळाची रेघ अखंड चालते. झोपेत आणि जागेपणी तिची ठेवण बदलते. मेंदूला जबर मार बसला असेल, तर ती क्षणभर उसळते आणि कितीतरी सेकंद सपाट पडते. तशीच राहिली तर लक्षण बरं नाही. चोवीस तासांत सावरली तर मोठी आशा. म्हणून एकदा आलेख काढून निकाल देणं म्हणजे घाईच. त्यातून आकडीवरच्या फेनोबार्बिटोननंही रेघ मंदावते. उलट कित्येक आकड्या बाहेर दिसतच नाहीत. हातपाय शांत, आलेखावर मात्र वादळ!

अशा बाळाचं अंग तीन दिवस सुमारे ३३.५ अंशांवर थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. त्यात रेघ उशिरा सावरते, तेव्हा भाकीत करायला अधिक थांबावं लागतं. पण भारत, श्रीलंका व बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर याच उपचाराची ‘हेलिक्स’ चाचणी झाली. मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही तीत होतं. २०२१ साली निष्कर्ष आला, की थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू कमी न होता वाढले. तेव्हा परदेशी आडाखे आपल्या बाळांना जसेच्या तसे लावताना जपूनच.

आलेख चांगला आला, तरी मूल मान केव्हा धरतं, बसतं केव्हा, याची तपासणी दोन वर्षं चुकवू नका. आणि बाळाला भिवंडीहून ठाण्याला किंवा मुंबईला हलवायची वेळ आली, तर चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या: जन्माची वेळ, किती मिनिटांनी रडलं, कोणतं औषध किती वाजता दिलं. आलेख वाचणाऱ्या डॉक्टरला आधी तेच हवं असतं.