कुलूप लावले, पण दिवे चालूच

विंडोज सर्व्हरवर रात्री उशिरा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'क्वेरी यूजर' ही आज्ञा दिली की, पडद्यावर एक छोटा तक्ता उमटतो. एका ओळीत एक वापरकर्ता, त्याच्या सेशनचा क्रमांक, त्याची अवस्था, किती वेळ कळफलकाला हात लागलेला नाही आणि लॉगऑन कधी झाले. ऑफिस सुटून कित्येक तास झालेले असतात, तरी ओळी काही कमी होत नाहीत. फक्त अवस्थेच्या रकान्यात 'अॅक्टिव्ह' जाऊन 'डिस्क' आलेले असते, म्हणजे डिस्कनेक्टेड. एखाद्या ओळीत निष्क्रिय वेळ '३+०४:१२' अशी दिसते. तीन दिवस, चार तास, बारा मिनिटे. तो माणूस तीन दिवसांपूर्वी घरी गेला, पण सर्व्हरच्या लेखी अजून कामावर आहे. या ओळी माणसाच्या विसराळूपणावर सोडू नयेत, सर्व्हरनेच त्या ठरलेल्या वेळी मिटवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

वापरकर्ता रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली फुली दाबतो, खिडकी बंद होते आणि काम संपले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात फक्त तार तुटते. उघडलेले एक्सेल, टॅली, ब्राउझरचे वीस टॅब हे सगळे पलीकडच्या यंत्राच्या मेमरीत तसेच राहते. घराला कुलूप लावून निघावे आणि आत दिवे, पंखे, गॅस सगळे चालू असावे, तसे. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली, तेव्हा त्या काळच्या नाजूक जोडण्यांवर मध्येच लाइन गेली तरी काम वाया जाऊ नये, हे गरजेचेच होते. अडचण एवढीच की, सर्व्हरच्या धोरणात, म्हणजे ग्रुप पॉलिसीत, मर्यादा घातली नाही तर असे सेशन किती काळ जिवंत ठेवायचे याला सीमाच नाही. त्यात सर्व्हर २०१६ च्या स्टार्ट मेनूत 'डिस्कनेक्ट' पॉवर बटणाखाली चटकन सापडते, तर 'साइन आउट'साठी वापरकर्त्याच्या चिन्हावर जावे लागते. सोपी वाट चुकीकडे नेत असेल, तर कर्मचाऱ्यांना सूचनापत्रके वाटून शिस्त येत नाही.

त्याची किंमत बारीकसारीक नसते. सीएच्या ऑफिसात जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की दहा-पंधरा जण एकाच सर्व्हरवर टॅली चालवतात, तेव्हा सोडून गेलेल्या सेशन्सनी अडवलेली मेमरी सगळ्यांनाच जाणवते. कोणाच्या तरी तुटलेल्या सेशनमध्ये एक्सेलची फाइल उघडी असते आणि दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. एखाद्याने पासवर्ड बदललेला असतो, पण जुन्या सेशनमधला प्रोग्राम जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि खाते लॉक होते. कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो. सगळ्यात गंभीर म्हणजे सुरक्षितता. ज्याच्या हाती त्या सर्व्हरवर सिस्टीम पातळीचे अधिकार आले, तो विंडोजच्याच 'टीएसकॉन' या आज्ञेने दुसऱ्याचे तुटलेले सेशन पासवर्डशिवाय आपल्या पडद्यावर ओढू शकतो. ते सेशन डोमेन प्रशासकाचे असेल, तर एका सर्व्हरवरची घुसखोरी अख्ख्या जाळ्यावर पोहोचते.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: वीज गेली, मोबाइलचे नेटवर्क पडले, तर माणसाचे न साठवलेले काम मारायचे का? नाही. म्हणूनच तार तुटताक्षणी लॉगऑफ करणारी व्यवस्था मला मान्य नाही. टास्क शेड्युलरमध्ये 'सेशन डिस्कनेक्ट झाल्यावर' असा ट्रिगर असतो आणि काही जण त्याला थेट लॉगऑफची आज्ञा जोडतात. पण मुद्दाम दाबलेली फुली आणि पडलेले नेटवर्क त्या ट्रिगरला सारखेच. त्याला उशीर लावला तरी, दरम्यान परत आलेल्या माणसालाच तो बाहेर काढू शकतो. ग्रुप पॉलिसीतली डिस्कनेक्टेड सेशनची मर्यादा अधिक शहाणी आहे, कारण माणूस परत जोडला गेला की तिचे घड्याळ थांबते. एक मिनिटही ठेवता येते, पण अर्धा तास ते दोन तास मला रास्त वाटतात. राउटर पुन्हा सुरू व्हायला, जेवून यायला तेवढे पुरते.

दुसरा आक्षेप रात्रभर चालणाऱ्या कामांचा. अहवाल तयार होतोय, डेटा चढतोय, म्हणून सेशन उघडे ठेवलेय, असे सांगितले जाते. पण महिन्याच्या अपडेटनंतर सर्व्हर रीस्टार्ट होतोच आणि ते सेशन तेव्हाही जाते. ज्या कामाला माणूस लागत नाही, ते टास्क शेड्युलरमध्ये 'वापरकर्ता लॉगऑन असो वा नसो' हा पर्याय निवडून चालवावे. जे खरोखरच तसे चालवता येत नाही, त्याच्यासाठी वेगळी मुदत ठेवता येते, कारण ही मर्यादा वापरकर्त्यांच्या गटानुसारही लावता येते. मात्र तीच मर्यादा संगणकाच्या बाजूनेही घातलेली असेल तर संगणकाची चालते, हे आधी तपासावे. आणि सर्वात कडक मुदत प्रशासकांना लावावी. त्यांचेच तुटलेले सेशन कोणाच्या हाती लागले, तर अख्खे जाळे धोक्यात येते.