आकापुल्कोची रात्र

मेक्सिकोच्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर आकापुल्को हे शहर आहे. मनिलाहून निघालेली स्पॅनिश गलबते 1815 पर्यंत अडीचशे वर्षे येथेच रेशीम आणि मसाले उतरवीत. विसाव्या शतकात मात्र या बंदराने निराळाच व्यापार आरंभिला. मिगेल आलेमान हे 1946 ते 1952 या काळात राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दीत खाडीच्या काठाने रुंद रस्ता झाला, हॉटेले उठली, नाचघरे गजबजली, हॉलिवूडचे नटनटी येऊ लागले. गाव रात्रीवर जगू लागले.

अशा गावांविषयी बोलताना आपण चटकन नाक मुरडतो. मद्य, नाच आणि उधळपट्टी, यापलीकडे तेथे काय असावयाचे, असे आपल्याला वाटते. परंतु करमणूक पाहणाऱ्याची असते तेव्हा ती करणाऱ्याचा तो धंदा असतो, हे आपण विसरतो. डोंबाऱ्याची दोरी पाहिलेल्या आपल्याला हे निराळे सांगावयास नको.

आकापुल्कोची खरी ओळख असलेला खेळ ला केब्राडा येथे होतो. दोन कड्यांमधील चिंचोळ्या फटीत समुद्र शिरतो, आणि सुमारे 35 मीटर उंचीवरून तरुण त्यात सूर मारतात. ही परंपरा 1934 पासूनची मानतात. तरुण हातापायांनी कडा चढतो, माथ्यावरील ग्वादालुपे मातेच्या देवळीपुढे हात जोडतो आणि लाटेची वाट पाहतो. खालचे पाणी उथळ आहे. लाट आत आली म्हणजेच ते पुरेसे खोल होते. उडीला तीन सेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो. म्हणून भरलेले पाणी पाहून उडी घेणे धोक्याचे. लाट येत असतानाच घ्यावी लागते. शिवाय कडा खाली पुढे आलेला असल्यामुळे अंग बाहेर झोकून द्यावे लागते. रात्री हाती पेटत्या मशाली घेऊनही उडी घेतात. मग ओल्या अंगाने वर येऊन ते प्रेक्षकांच्या वाटेवर बक्षिसीसाठी उभे राहतात.

पुढे गुन्हेगारीमुळे या गावाचे पाहुणे घटले. 25 ऑक्टोबर 2023 रोजी ओटिस हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ येथे धडकले. हॉटेलांच्या भिंती व काचा उडाल्या, रस्त्यांवर अंधार पडला. अशा वेळी मोठा मालक तोटा सोसून थांबू शकतो. वाढपी, वादक, मोटारचालक आणि उडी मारणारा यांची चूल मात्र त्या त्या रात्रीच्या मिळकतीवर पेटते. म्हणूनच पडझड पुरती आवरण्याआधीच ला केब्राडाचे तरुण पुन्हा कड्यावर चढले.

परगावी जाऊन आपणही अशी एखादी संध्याकाळ विकत घेतो. तिकिटाचा पैसा खेळ करणाऱ्याच्या हाती किती पडतो, एवढी चौकशी आपण करावी, आणि बक्षिसी देताना हात आखडू नये, असे आम्हांस वाटते.