पांढरी सदाफुली आणि मधुमेह

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की अंगणातली बरीच झाडे माना टाकतात. पांढरी सदाफुली मात्र फुललेलीच असते. देवपूजेला रोज फुले देणारे हे झुडूप मूळचे आपल्याकडचे नाही. आफ्रिकेजवळच्या मादागास्कर या एकाच बेटावर ते रानात उगवत असे. तेथून ते जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरले.

मूल, सिंदेवाही, आरमोरीकडचे मधुमेही मला सांगतात, “डॉक्टरसाहेब, अनशापोटी सदाफुलीची फुलं खातो, गोळ्या बंद केल्या.” साखर तपासावी तर वाढलेली!

हा समज दूरच्या जमैका बेटावरही होता. तेथून १९५२ मध्ये सदाफुलीची पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांचे बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला, तेव्हा साखर फारशी उतरली नाही. तोच अर्क टोचून दिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले. रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर हेच द्रव्य चालेल, असा विचार त्यातून पुढे आला. १९५८ मध्ये नोबल व चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. इतर औषधांच्या जोडीने ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात.

पण हे औषध वजन-उंची पाहून, मोजून, फक्त शिरेतून देतात. मात्रा चुकली तर जिवावर बेतते. पानांच्या काढ्याने कर्करोग बरा होत नाही. मधुमेहाबाबत म्हणाल, तर प्राण्यांवरील काही प्रयोगांत साखर उतरली; परंतु माणसाने किती पाने-फुले घ्यावीत याचे खात्रीचे प्रमाण ठरलेले नाही. गरोदर स्त्रियांनी तर ती मुळीच खाऊ नयेत.

मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. वाढलेली साखर दुखत नाही, पण डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा आतून पोखरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. पाला-फुले खात असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. आम्ही रागावणार नाही. सदाफुली अंगणात जरूर लावा, देवाला वाहा. पोटात मात्र घेऊ नका.