त्रेचाळीस सेंटची नोंद

येणं हाती पडल्यावरच धरायचं, देणं मात्र दिसू लागलं की लगेच वजा करायचं, हा आपल्या आजी-आजोबांच्या वहीतला हिशेब. वाणिज्य शाखेची मुलं यालाच सावधगिरीचं तत्त्व किंवा कॉन्झर्व्हेटिझम म्हणतात. सावध कंपनीच्या नफ्यात वाईट बातमी चांगल्या बातमीपेक्षा लवकर उतरते, हे सुदीप्त बसू यांनी १९९७ मध्ये आकडेवारीने दाखवलं.

पण कंपनी अडचणीत आली की काय होतं? कर्ज देणारे म्हणतात, तोटा असेल तर आजच दाखवा. चालवणाऱ्यांना वाटतं, थोडं थांबू, पुढच्या वर्षी भरून निघेल. मुंबईची पीएमसी बँक थांबत राहिली. एचडीआयएलची बुडीत कर्जं तिने हजारो खोट्या खात्यांमागे लपवली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता आले.

आपल्या भोपाळची गोष्ट मात्र याहून अवघड आहे. युनियन कार्बाइडचा इथला कारखाना १९८४ च्या आधीच तोट्यात होता. कीटकनाशकं खपत नव्हती, म्हणून माणसं कमी केली, देखभाल आखडली, वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवली. यातला वाचलेला प्रत्येक रुपया त्या त्या वर्षीच हिशेबात दिसतो. वाढलेला धोका मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणजे सावधगिरीचं तत्त्व नेमकं उलटं झालं! २-३ डिसेंबरच्या रात्री काय झालं, ते आपल्यापैकी अनेकांनी घरातच ऐकलं आहे.

भारत सरकारने सुमारे ३.३ अब्ज डॉलर मागितले होते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने तिचा उरलेला बोजा १९८८ च्याच हिशेबात घेतला. वर्ष संपल्यावर कळलेलं जुन्या घटनेचं देणं जुन्याच वर्षात दाखवायचं, हा नियम; त्यात चूक काढता येणार नाही. बोजा होता दर शेअरमागे ४३ सेंट. बाकीचा भार विम्याने आणि आधी राखून ठेवलेल्या रकमेने उचलला. एवढं वजा करूनही त्या वर्षी शेअरमागे नफा राहिला ४.८८ डॉलर, म्हणजे कंपनीच्या इतिहासातला विक्रम.

मला हे ४३ सेंट नेहमी खटकतात. ताळेबंद फक्त तेच देणं ओळखतो जे कुणीतरी वसूल करू शकतं. २०२३ मध्ये भरपाई वाढवण्याची सरकारची याचिकाही फेटाळली गेली. कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून पीथमपूरला गेला, तेव्हा खर्च सरकारी तिजोरीतून झाला.