मधपेटी हलवताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. इथल्या मधपेट्यांत प्रामुख्याने सातेरी जातीच्या मधमाश्या असतात. पेटी परड्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं काम सोपं वाटतं, पण खरी अडचण तिथेच आहे. चरायला जाणारी माशी पेटीपेक्षा पेटीची जागा लक्षात ठेवते. सूर्याची दिशा, झाडं, घरं यांवरून ती परतते. पेटी दहा-वीस मीटर सरकवली, तर माश्या जुन्या जागीच घिरट्या घालत राहतात आणि अनेक मरतात.

म्हणून रोज दोन-तीन फूटच सरकवावी. एकदम हलवायचीच असेल, तर आधी काही किलोमीटर दूर न्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी नव्या जागी आणावी. अंधार पडून सर्व माश्या परतल्यावर दार जाळीने बंद करावं, म्हणजे हवा खेळती राहते. चौकटी हलू देऊ नयेत. धक्के बसले तर सातेरी वसाहत पेटी सोडून जाऊ शकते. नव्या जागी दारासमोर पानांची फांदी ठेवावी. बाहेर पडणारी माशी थबकून परिसर नव्याने पाहते. जुन्या जागेवरचं स्टँडही काढून टाकावं.